ओटीतले कोष

१३ नोव्हेंबर २०२४, बुधवार

कोष काढायला लागले. सकाळपासून एकटीनं दोन रॅक रिकामे केले. कमरेचं काही खरं नाही, पण मन खूष!

माल चांगला आहे. टणक, पांढराशुभ्र. कानाशी हलवला की आतला जीव खुळखुळतो. फक्त शेवटच्या रॅकला उझी माशीनं हात मारला. ही माशी रेशमाच्या अळीच्या अंगावर अंडं घालते. त्यातून निघालेली बारकी अळी तिला आतून खाते आणि शेवटी कोष टोचून बाहेर पडते. भोक पडलेला कोष वाया गेला. असे पावशेर निघाले, ते जाळून टाकले. चूक माझीच — खिडकीची जाळी फाटली होती आणि मी आज शिवते, उद्या शिवते करत राहिले.

हे असते तर दहादा बोलले असते. रॅक ह्यांनीच बांधलेले. बांबूनं बांबू अजून कसा घट्ट धरून ठेवलाय. पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील ह्यांना जाऊन. ह्यांना वाचता येत नव्हतं. रोज संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणतंय आज पुस्तक?" आता पुस्तक काय म्हणतं ते इथं लिहून ठेवते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रियंका आली होती. धाकट्या दिराची, व्यंकटरावांची सून. नवरा भागवत वसमतला हळदीच्या अडतीवर असतो, त्यामुळं शेड हिची एकटीचीच. अळ्यांच्या दोन खेपा माझ्याकडं राबून काम शिकली. आता स्वतःची पहिली खेप घेणार आहे. शेड बघून आले. चुन्यानं धुतलेली, दाराला दुहेरी जाळी, पाय बुडवायला औषधाचं पाणी. माझ्यापेक्षा नीट!

अर्धा एकर तुती व्यंकटरावांनी फार कुरकुर करून लावू दिली. त्यांचं सरळ म्हणणं आहे — एक खेप बघतो, जमली तर जमली, न्हाई तर तुती उपटून हळद.

मग हळूच म्हणाली, अळ्या यायच्या आधी शेडमध्ये ओटी भरून घ्यायची आहे. मी म्हटलं, चांगलं आहे, सासूला सांग.

"तुमी भरा, मोठीमाय."

वेडी का काय ही! नवरा गेलेली बाई ओटी भरते का? मी तसं म्हटलंही. तर म्हणते, "काम तुमी शिकवलं, आन् ओटी दुसऱ्याची काहून?"

दुपारभर तेच तेच भांडं घासत बसले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

भरली.

नारळ नको, तुमचे कोष घाला, म्हणाली. सगळ्या मालातून बत्तीस वेचले, एकासारखा एक. असे ठेवायचे कोष आधी कडक उन्हात वाळवायचे असतात, म्हणजे आतला जीव मरतो आणि कोष टिकतो. मी वाळवले नाहीत. पहिल्या शेडची ओटी, तीत मेलेलं कसं घालायचं? जिवंतच घातले.

हळद-कुंकू तिचं तिनंच लावून घेतलं. मी फक्त तिच्या पदरात ओंजळ रिकामी केली. तिनं ते कोष स्टीलच्या ताटलीत घालून शेडमध्येच देवीच्या तसबिरीखाली फळीवर ठेवले.

धाकटी — म्हणजे प्रियंकाची सासू, माझी जाऊ — जाळीच्या बाहेरच उभी. आत पाऊल टाकलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "झालं ते झालं, आक्का. आता पोरीचं बरं-वाईट तुमच्या हातावर."

मी हसून घेतलं. तरी घरी येऊन हाताकडं बघितलंच.

१८ नोव्हेंबर

अळ्या आल्या! पन्नास अंडीपुंजांच्या, दोनदा कात टाकलेल्या. प्रियंकानं पाला असा अलगद पसरला की जणू लेकराला दुपटं घालतेय. पहिल्या खेपेला मीही तशीच होते.

२० नोव्हेंबर

मतदान करून आले. शाईच्या बोटानं प्रियंका पाला घालू देईना. अळ्यांना वास चालत न्हाई, तुमीच सांगितलं, म्हणते. दोनदा साबणानं धुवायला लावलं. शाई कुठली जाते! शेवटी डावा हात पाठीमागं बांधल्यासारखा धरून एका हातानं पाला घातला. पोरगी हसून हसून खाली बसली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

ताटलीतले पतंग बाहेर आले. प्रियंकानं हाक मारून बोलावलं. पांढरे, गुबगुबीत, पंख असून उडत नाहीत. जोड्या लागलेल्या. काही माद्यांनी ताटलीच्या काठावर अंडी घालायला घेतलेली — पिवळसर, मोहरीपेक्षा लहान, एकाला एक चिकटून, ओळीनं.

"खातेत काय हे?" तिनं विचारलं. काहीच खात नाहीत, सांगितलं. खाऊन झालं ते अळी असतानाच. आता चार-सहा दिवस, तेवढ्यात अंडी घालायची आणि संपायचं.

"एवढंच?" म्हणाली. मग स्वतःशीच लाजली.

काही कोषांतून पतंग निघाले नाहीत. राहिले असतील मागं. मी उचलून बघितलं नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मिना काल येऊन गेली. ती रेशीम कार्यालयातली पोरगी, महिन्यातून एकदा गावात फिरते. मी उझीबद्दल फार विचारते म्हणून या वेळी कॉलेजची वहीच देऊन गेली. अक्षर गोल आहे, वाचायला त्रास नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचणं किराण्याच्या पुड्या सोडता सोडता आलं. तरी तीन पानांना दोन दिवस लागले.

काय काय असतं जगात! कीटकाच्या अंगात परकं काही शिरलं की त्याचं रक्त धावून येतं. त्याला चहूकडून घेरतं, काळं कवच करतं, आत कोंडून मारतं. अळीच्या अंगावर उझीनं अंडं घातलं त्या जागी काळा डाग पडतो, तो हाच. म्हणजे तो डाग रोगाचा नाही, लढाईचा!

पण उझीची अळी त्याच्याही वरताण. तिला घेरायला जे कवच बांधलं, त्याचीच ती नळी करून घेते. शेपटीकडचं टोक त्या नळीला लावते आणि बाहेरची हवा ओढते. मारायला बांधलेली भिंत, तिलाच तिनं खिडकी पाडली. हे वाचून वही मिटून ठेवली.

दुसरं एक होतं, ते नीट कळलं नाही म्हणून मिनाला फोन केला. अंगात परजीवी असलेल्या माद्या अंडी कमी घालतात, कधी घालतच नाहीत. असं का?

"शरीराकडं एकच पोतं असतं, काकू," ती म्हणाली. "लढाईला उपसलं की अंड्यांना उरत नाही."

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला क्षय झाला होता. नऊ महिने गोळ्या खाल्ल्या आणि वाचले. लेकरू झालं नाही. कुठं कुठं नेलं, किती जणींनी काय काय बांधलं दंडाला. माझं पोतं कशावर रिकामं झालं, हे कुणी विचारलं नाही. तेच कारण असेल असं मी म्हणत नाही. वही अळ्यांबद्दल आहे, माझ्याबद्दल नाही. पण वाचून बरं वाटलं.

ह्यांनी त्यावरून आयुष्यात एक शब्द काढला नाही. हे आज का लिहितेय? लिहिलं.

३० नोव्हेंबर

अळ्या बोटाएवढ्या झाल्या. चौथी कात टाकून उठल्या आणि आता नुसतं खाणं. पाला घातला की शेडमध्ये कडब्यातून कुणी चालत गेल्यासारखा आवाज येतो. व्यंकटराव जाळीबाहेरून कान लावून ऐकत होते. "खाऊनच राहिल्या की सारख्या!" म्हणाले. तोंडावर कौतुक होतं. मी दिसल्यावर लगेच खाकरले.

दिवस छान चाललेत. सकाळी माझ्या तुतीची छाटणी, दुपारी प्रियंकाच्या शेडमध्ये पाला, संध्याकाळी मिनाची वही.

२ डिसेंबर

ह्यांचं तिसरं श्राद्ध. व्यंकटराव येऊन पान ठेवून गेले. वांगं कोरडं केलं होतं, ह्यांना लागायचं तसं. मीही खाल्लं. चांगलं झालं होतं.

४ डिसेंबर, बुधवार

प्रियंकाच्या एका अळीच्या पाठीवर काळा डाग दिसला.

मी वाकून बघायला लागले तर ती घाईनं म्हणाली, "तीळ असंल मोठीमाय, जाऊ द्या."

अळीला कुठला तीळ! दुसऱ्या रॅकवर आणखी तीन दिसल्या. कडेच्या एका अळीवर पांढरी अंडी, खसखशीएवढी, ताजी. त्या अळ्या चिमट्यानं काढून बाहेर जाळल्या.

५ डिसेंबर, गुरुवार

शेडमध्ये माश्या सापडल्या. करड्या, पाठीवर चार काळे पट्टे. आतमध्ये! दुहेरी जाळीच्या आत!

मिनाला बोलावलं. तिनं जाळी बोट बोट तपासली. कुठं सुईएवढंही छिद्र नाही. मग पांढऱ्या ट्रेमध्ये औषधाच्या गोळ्या विरघळवून पाणी ठेवलं. माश्या त्यावर येतात आणि बुडतात. शिवाय एक पुडी दिली. तिच्यात मुंगीपेक्षाही बारीक माश्या आहेत. त्या उझीच्या कोशात अंडी घालतात. म्हणजे दुसऱ्याच्या अंगात अंडी घालणारीच्या अंगात अंडी घालणारी! दुसरी कुठली वेळ असती तर मी दिवसभर त्याचंच नवल केलं असतं.

डाग असलेल्या अळ्या वेचून काढल्या. घमेलंभर.

व्यंकटराव म्हणाले, दार उघडं ठेवलं असंल हिनं, दुसरीकडून कुठून येतेत? सगळे प्रियंकाकडं बघायला लागले.

"राहिलं असंल," ती म्हणाली.

मला पटलं नाही. ही पोरगी बाहेरच्या दाराची कडी लावल्याशिवाय आतल्या जाळीला हात लावत नाही. मी वीस दिवस बघतेय. घाबरून कबूल झाली असेल.

६ डिसेंबर, शुक्रवार

कळलं.

फळी पुसायला ताटली खाली घेतली. त्यात रिकामे कोष तसेच पडलेले. एकेक उचलून उजेडात धरला. पतंग बाहेर पडतो तेव्हा कोषाचं टोक ओलं होऊन विस्कटतं, धागे सैल होतात. तेवीस तसे होते. उरलेल्या नऊंना भोकं होती. गोल, स्वच्छ, दाभणानं टोचावं तशी.

मग गुडघ्यावर बसून कोपरे तपासले. भिंत आणि फरशीच्या मधल्या चिरेत माशीचे कोशे मिळाले, तांबूस काळे, साळीच्या दाण्याएवढे. सगळे रिकामे. त्यातून माश्या निघून गेलेल्या.

दिवस मोजले. ओटीनंतर दोन दिवसांत अळ्या कोषातून निघाल्या असतील. बारा दिवस कोशात. मग माश्या, मग अंडी, मग काळे डाग. बरोबर जुळतंय. बाहेरून काही आलंच नाही. मी आणलं. माझ्या हातानं, तिच्या पदरात घालून.

वाळवले असते तर आतच मेल्या असत्या. शकुन बघायला गेले! इतकी पुस्तकं वाचणारी मी.

आता हे सांगितलं तर धाकटीला काय ऐकू येईल? माशी ऐकू येणार नाही, भोक ऐकू येणार नाही. विधवेची ओटी ऐकू येईल. ते एकदा गावात झालं की पुढं कुठलीच पोरगी माझ्याकडं शिकायला येणार नाही. आणि नाही सांगितलं तर प्रियंकानं दार उघडं टाकलं हेच राहील.

७ डिसेंबर

सांगायला निघाले होते. व्यंकटरावांच्या दारात चार बायका बसलेल्या. परत आले.

८ डिसेंबर, रविवार

सकाळी व्यंकटरावांचा आवाज इकडं ऐकू आला. खेप निघाली की तुती उपटतो म्हणत होते. जिला दार लावता येत नाही, तिच्यापाशी शेड ठेवून काय करायचं? भागवत सुट्टीला आलेला, तो मान खाली घालून बसलेला असणार. त्याची सवय मला माहीत आहे.

ताटली घेऊन गेले. सगळे होते. व्यंकटराव, धाकटी, भागवत, दारात पाल्याची पाटी घेतलेली प्रियंका.

म्हटलं, भाऊजी, दार उघडं नव्हतं. माश्या माझ्या ओटीतून आल्या. नऊ कोष एकेक करून दाखवले. चिरेतले कोशे पुडीत बांधून नेले होते, तेही दाखवले. माझ्या शेडला उझी होती, ती मीच जाळी न शिवल्यानं. कोष वाळवले नाहीत, तेही मीच.

धाकटीनं ताटलीकडं बघितलंसुद्धा नाही. "मी काय म्हणत व्हते? हातच म्हणत व्हते ना?"

"हात न्हाई गं," मी म्हटलं. "ओले कोष. सवाष्णीनं घातले असते तरी हेच झालं असतं."

"पण घातले तुमी."

खरंच मीच घातले होते.

व्यंकटराव बराच वेळ एक कोष बोटात फिरवत होते. भोकात काडी घालून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे पोरीची चूक न्हाई." तुतीबद्दल काही बोलले नाहीत. पण आवाज खाली आला होता.

प्रियंकानं पाल्याची पाटी तिथंच दारात ठेवली आणि आत निघून गेली. माझ्याकडं बघितलं नाही.

९ डिसेंबर

नळावर दोन बायका बोलायच्या थांबल्या. मी हंडा भरला आणि आले.

११ डिसेंबर, बुधवार

अळ्या विणायला चढल्या. मी जाळीबाहेरूनच बघितलं. चढायच्या वेळी अळीचं अंग आरपार दिसायला लागतं, पिकल्या द्राक्षासारखं. मला फार आवडतो हा दिवस. प्रियंका पाठमोरी काम करत होती. मला बघून दुसऱ्या रॅकच्या आड गेली.

साहजिक आहे. तिची पहिली खेप, आणि मी हे करून ठेवलं.

पण सांगितलं याचं वाईट वाटत नाही. तसं वाटेल असं वाटलं होतं. दोन दिवस तपासून बघतेय स्वतःला, दात दुखतो का बघावं तसं. दुखत नाही.

घरी येऊन खिडकीची जाळी शिवली. बारीक टाका घातला, दोन पदरी.

१६ डिसेंबर, सोमवार

प्रियंकाची खेप निघाली. तेहतीस किलो! भोकांचे कोष फार नाहीत, वेळेत अळ्या वेचल्या होत्या त्याचा उपयोग झाला. हे मला व्यंकटरावांकडून कळलं. मुद्दाम ओसरीवर येऊन सांगितलं, उभ्या उभ्या.

"वहिनी, ती पांढऱ्या ताटातली गोळी कुठं भेटते? पुढच्या खेपेला आधीच आणून ठेवावी म्हणतो."

पुढच्या खेपेला म्हणाले! मी शांतपणे दुकान सांगितलं. ते वळल्यावर मात्र देवघरातल्या ह्यांच्या फोटोकडं बघून हसले. ऐकलंत का, म्हटलं.

प्रियंका नाही आली. न येऊ दे. तिची तुती राहिली.

मिनाच्या वहीची शेवटची चार पानं उरलीत. मधमाश्यांबद्दल आहेत. सावकाश वाचणार.

१९ डिसेंबर, गुरुवार

प्रियंका आली. उंबऱ्यातच बसली, आत ये म्हटलं तरी. पदराचं टोक पिळत होती. मग बोलली ते एका दमात.

"ओटीच्या तिसऱ्या दिवशीच मला ताटलीत अळ्या दिसल्या व्हत्या. ओटीत किडे पडले म्हणून सगळ्यांनी तुमच्या हाताला नाव ठिवलं असतं. म्हणून मी कुणाला न सांगता झाडून कोपऱ्यात लोटल्या. जाळायच्या असतात ते सुचलंच न्हाई. दार मी कधी उघडं ठिवलं नव्हतं, मोठीमाय. तेवढं एक तुमच्यासाठी अंगावर घेतलं व्हतं. तेबी तुमी राहू दिलं न्हाई."

अकरा दिवस मी समजत होते, पोरगी माझ्या चुकीवर रुसली आहे.